आपलीच मूर्ती

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एक वाक्य बोलले. ओघात तोंडून निसटलं असं म्हणायची सोय नाही. चांगली खुर्चीवरून उठून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले होते.

विषय निघाला होता मोबाईलवर स्वतःचे फोटो टाकण्याचा. आमच्या डिंडोलीत खानदेशची माणसं पुष्कळ. धुळं, नंदुरबार, अमळनेर, शिंदखेडा, जिकडून भुसावळची गाडी येते तिकडची. कुणी तीस वर्षांपूर्वी उधन्याला उतरलं, कुणी परवा. त्यामुळे सोसायटीच्या महिला मंडळात अहिराणी, मराठी, गुजराती आणि आम्हा ओसवालांची मारवाडी अशी भेळ असते, आणि हळदीकुंकू म्हटलं की सगळ्याच येतात. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगीही आली होती. मुलगी म्हणजे दोन लेकरांची आई, पण माझ्या लेखी मुलगीच. नवरा लूमवर कामाला. ही रिंग रोडच्या मार्केटमधून पाच-दहा साड्या उधारीवर आणते, एकेक स्वतः नेसते, गॅलरीत उजेडाला उभी राहून आपला फोटो आपणच काढते आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकते. रोज एक साडी, रोज एक फोटो, रोज तेच हसू.

मी म्हणाले, "साडी विकायची तर साडीचा फोटो टाकावा. तोंड कशाला विकायला ठेवायचं?"

बायका हसल्या. तीही हसली. ती हसली म्हणून मी समजले की तिला लागलं नाही.

आणि माझ्याजवळ तर पुरावा होता! वर्तमानपत्रातली कात्रणं जपून ठेवायची मला सवय आहे, बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता, तेवढ्या भांडवलावर त्या विषयातलं जरा जास्तच जपते. २०१३ साली ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी 'सेल्फी' हा वर्षाचा शब्द ठरवला, आणि तेव्हापासून या विषयावर अभ्यास करणाऱ्यांची रांग लागली. माझ्या कात्रणात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातला २०१५चा अभ्यास होता, जेसी फॉक्स आणि मार्गारेट रूनी या दोघींचा. त्यात असं आढळलं की जे स्वतःचे फोटो जास्त टाकतात त्यांच्यात आत्मप्रेमाचा अंश जास्त सापडतो, दुसऱ्याची पर्वा नसण्याचाही सापडतो, आणि जे फोटो टाकण्यापूर्वी नटवून-सजवून घेतात त्यांच्यात आत्मप्रेमाबरोबर स्वतःकडे एखाद्या वस्तूसारखं बघण्याची वृत्ती असते. हे मी त्या दिवशी वाचून दाखवलं. अगदी व्याख्यान दिल्यासारखं.

पुढे कधीतरी कपाट आवरताना ते कात्रण पुन्हा हाती आलं. या वेळी चष्मा लावून वाचलं. अभ्यास झाला होता तो पुरुषांचा! अठरा ते चाळीस वयाच्या अमेरिकन पुरुषांचा. दोन बायकांनी पुरुष तपासले आणि मी त्याचा निकाल डिंडोलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला लावला. शिवाय त्यात हेही होतं की या पुरुषांचे आकडे काही रोगाच्या पायरीला पोचलेले नव्हते, चारचौघांच्या मर्यादेतलेच होते. आणि समजा बायकांचा अभ्यास असता, तरी काय? क्षय झालेल्याला खोकला असतो. म्हणून खोकणाऱ्या प्रत्येकाला आपण क्षयाच्या दवाखान्यात नेऊन बसवत नाही. शंभर माणसांबद्दल जे सरासरीनं खरं असेल ते समोर बसलेल्या एका माणसाबद्दल खरं असेलच असं नाही. बी.ए.च्या त्या एका पेपरात हे शिकवलं होतं. मी विसरले होते.

याच्याही आधी, २०१४ साली, 'सेल्फायटिस' नावाचा मनोविकार अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीर केल्याची बातमी फिरत होती. तीही मी चाळीस जणांना पाठवली होती. ती मुळात थट्टा म्हणून लिहिलेली बनावट बातमी निघाली. गंमत म्हणजे पुढे मदुराईच्या एका व्यवस्थापन संस्थेतल्या जनार्दनन बालकृष्णन यांनी मार्क ग्रिफिथ्स या इंग्लंडमधल्या प्राध्यापकांबरोबर तोच शब्द घेऊन आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा खराखुरा अभ्यास केला. माणसं असे फोटो का काढतात याची सहा कारणं त्यांनी मांडली. आठवण ठेवण्यासारखं भोवताल, दुसऱ्याशी चढाओढ, लक्ष वेधून घेणं, मन जरा हलकं करणं, स्वतःवरचा भरवसा वाढवणं आणि चारचौघांत सामावून जाणं. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. सहातली निदान चार कारणं अशी, की ज्यांच्यासाठी आम्ही बायका नवी साडी घेतो, लग्नाला जातो, हळदीकुंकवाला जमतो. साडी विकण्याचं कारण मात्र त्या यादीत नव्हतं.

इथे मला आईचं सांगायला हवं. माझ्या आईचे एकटीचे फोटो दोन. पहिला लग्नाआधीचा, धुळ्याच्या एका स्टुडिओत काढलेला. शेजारी उंच स्टुलावर कागदी फुलांची कुंडी, आईचा एक हात त्या स्टुलावर, आणि डोळे असे की आत्ता रडेल. मुलाकडच्यांना पाठवायला तो काढला होता. दुसरा फोटो भिंतीवरचा. ती गेली तेव्हा हार घालायला फोटोच सापडेना. शेवटी माझ्या लग्नाच्या घोळक्यातून फोटोवाल्यानं तिला कापून मोठी करून दिली. कोपऱ्यात अजून आत्याचा खांदा दिसतो. मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत आई कशी दिसायची? भाकरी थापताना, आम्हाला न्हाऊ घालताना, दुपारी सामायिक करून उठल्यावर तिचा चेहरा कसा व्हायचा? मला आठवतो असं मी म्हणते, पण खरं सांगते, आता तो भिंतीवरच्या फोटोसारखाच आठवायला लागला आहे. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं आमच्या घरात म्हणायचे, आणि 'बाईमाणसाला कशाला हवा फोटो' हेही. दोन्ही वेळा तिला कॅमेऱ्यासमोर आणलं ते दुसऱ्यांनी. एकदा पसंत करायला, एकदा हार घालायला.

आणि ती तिसऱ्या मजल्यावरची स्वतः ठरवते की उजेड कुठून यावा आणि किती हसावं.

१८८५च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तिघीजणी कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या. आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या तबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, नीट नटून. तो फोटो आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. त्या वेळच्या पुण्यात हे वाक्य कुणी बोललं नसेल का, की शिकायला गेली आहे तर शिकावं, तोंड कशाला दाखवायचं? बोललं असेलच. माझ्यासारखं कुणीतरी खुर्चीवरून उठून.

हे सगळं मला आता सुचतंय, पण तेव्हा काही सुचलं नाही. माझे डोळे उघडले ते पर्युषणात, आणि तेही माझ्या पुण्याईनं नव्हे.

गेल्या पर्युषणात माझी अठाई झाली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. स्थानकात महासतीजींकडून पचक्खाण घेऊन आले की सूनबाई पाय चेपायची. सहाव्या दिवशी तिनं माझ्या गळ्यात हात टाकून दोघींचा फोटो काढला आणि खाली 'मम्मींचा सहावा उपवास' असं लिहून स्टेटसला लावला. मी 'कशाला गं' म्हणाले. किती वेळा म्हणाले? एकदा. मग अनुमोदनांचा पाऊस. इंदूरहून, जळगावहून, सुरतच्या निम्म्या नातेवाइकांकडून. आपल्यात अनुमोदनेला मोठं मोल आहे, दुसऱ्याच्या तपाचा आनंद मानला की आपल्यालाही त्याचं फळ मिळतं. म्हणजे फोटो टाकणं हे तर लोकांना पुण्य मिळवून देणंच झालं, असा सोयीचा हिशेब मी मनात करून टाकला.

त्या रात्री झोप येईना. मी सूनबाईचा मोबाईल घेऊन बसले. फोटो कुणी कुणी पाहिला त्याची यादी असते, ती वाचत होते. पाहिलं त्यात धाकट्या नणंदेचं नाव होतं, पण तिनं लिहिलं काहीच नव्हतं. साधे दोन हात जोडलेले चिन्हसुद्धा नाही! मागच्या वर्षी तिच्या तेल्याला मी पाच ओळी लिहिल्या होत्या. मी पुन्हा यादी वर-खाली केली. पोटात सहा दिवसांचा उपवास आणि मनात नणंदेचा हिशेब.

सूनबाई पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "मम्मी, चौथ्यांदा बघताय."

आपल्या शास्त्रात मदाचे आठ प्रकार सांगितले आहेत. जाती, कुल, बल, रूप, तप, श्रुत, लाभ, ऐश्वर्य. पाठ होते लहानपणापासून, पण त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आलं की रूप आणि तप एकमेकांच्या शेजारी बसलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडे झाला तर रूपाचा मद. माझ्याकडे तपाचा, आणि तिच्यावर बोलले तेव्हा कात्रणं वाचून आलेला श्रुताचाही. बाहुबली वर्षभर उभे होते, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान अडलं होतं ते धाकट्या भावांना वंदन कसं करू या एवढ्याशा मानापायी. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन सांगितलं, हत्तीवरून खाली उतरा. ही गोष्ट व्याख्यानात ऐकताना मी दर वर्षी मान हलवते. मला माझा हत्ती दाखवायला सूनबाई लागली, आणि तिला बिचारीला ती काही दाखवतेय हे माहीतही नव्हतं.

तर मग फोटो टाकलाच नसता म्हणजे मी निर्मळ राहिले असते का? याचं उत्तर मल्ली भगवतींच्या कथेत आहे असं मला वाटतं. ज्ञाताधर्मकथेच्या आठव्या अध्ययनात ती येते. (दिगंबर बंधुभगिनी मल्लिनाथांना पुरुष मानतात, तो वाद इथे नको.) मागच्या जन्मी त्या महाबल नावाचे राजा होत्या. सहा मित्रांबरोबर दीक्षा घेतली आणि सातही जणांनी सारखंच तप करायचं ठरवलं. महाबल मात्र मित्रांना कळू न देता त्यांच्यापेक्षा जास्त उपवास करायचे. कुणाला दाखवलं नाही, सांगितलं नाही, उलट लपवलं. आणि तरीही कर्म बांधलं गेलं ते मायेचं, कपटाचं. म्हणजे दाखवण्यात मान असतो तसा लपवण्यातही असतो. 'मी बाई कधी फोटो काढत नाही' असं जी मान उंच करून सांगते तिनंही स्वतःचा एक फोटोच काढलेला असतो. (त्या कपटाचं फळ म्हणून स्त्रीजन्म मिळाला, हे ऐकताना मला दर वेळी खटकतं. शास्त्रापुढे मी कोण. पण खटकतं हे लिहून ठेवते.)

पुढची गोष्ट तर आजच्या विषयासाठीच सांगितल्यासारखी आहे. मिथिलेच्या कुंभ राजाची ही मुलगी अतिशय देखणी. तिच्या धाकट्या भावाच्या चित्रशाळेत एका चित्रकारानं पडद्याआडून तिचा फक्त पायाचा अंगठा पाहिला आणि तेवढ्यावरून तिचं अख्खं चित्र हुबेहूब काढलं. तिला न विचारता. भावानं त्याला राज्याबाहेर घालवलं, तर तो चित्र घेऊन हस्तिनापूरला गेला आणि तिथला राजा ते बघून वेडा झाला. असे एकेका निमित्तानं सहा राजे मिथिलेवर चालून आले. मल्लीनं काय केलं होतं? आधीच ओळखून स्वतःची सोन्याची मूर्ती करवून घेतली होती, हुबेहूब आपल्यासारखी, आतून पोकळ. डोक्याला एक भोक आणि त्यावर कमळाचं झाकण. रोज जेवताना आपल्या ताटातला एक घास ती त्या भोकातून आत टाकायची. सहाही राजांना सभोवतालच्या वेगवेगळ्या दालनांत बसवलं, त्यांनी जाळीतून ती मूर्ती पाहिली आणि हीच मल्ली समजून बघतच राहिले. मग ती स्वतः आली आणि तिनं झाकण काढलं. राजांनी नाकाला उपरणी लावली. सोन्याच्या मूर्तीची रोजच्या एका घासानं ही गत, तर या हाडामांसाच्या शरीराची काय, असं तिनं विचारलं. ते सहा राजे म्हणजे तेच मागच्या जन्मीचे सहा मित्र.

एकाच बाईच्या दोन प्रतिमा. एक दुसऱ्यानं एका अंगठ्यावरून रचलेली, तिनं युद्ध पेटवलं. दुसरी तिनं स्वतः करवलेली, मनात हेतू धरून, तिनं ते विझवलं. आम्ही स्थानकवासी, मूर्तीपुढे हात न जोडणारे. आणि आता आमच्या घरात प्रत्येकाच्या खिशात आपापली मूर्ती आहे, दिवसातून दहा वेळा तिचं दर्शन होतं. मला यावर हसू येतं, पण या कथेनंतर नुसत्या मूर्तीला दोष देता येत नाही. ती कुणी केली आणि कशासाठी, हे विचारावं लागतं. आणि 'कशासाठी' हे बाहेरून दिसत नाही. मी त्या मुलीचा अंगठा पाहिला होता, आणि त्यावरून अख्खी बाई रंगवून मोकळी झाले होते.

म्हणून सगळंच चालतं असं मी म्हणत नाही. २०१६च्या जानेवारीत मुंबईच्या वांद्र्याच्या समुद्रकिनारी सेल्फी काढताना एक मुलगी वाहून गेली, तेव्हा पोलिसांना शहरातल्या जागा हेरून तिथे सेल्फीला मज्जाव करावा लागला. हा निव्वळ अविचार, त्यात तत्त्वज्ञान शोधायला नको. सावळा चेहरा पिठासारखा पांढरा करून टाकणारी ती मोबाईलमधली सोय मला मुळीच आवडत नाही. तो आपण आपल्याच रंगाचा केलेला अपमान आहे. आणि सगळ्यात जास्त राग मला येतो तो दानाच्या फोटोंचा. हिवाळ्यात फुटपाथवरच्या म्हातारीला चादर द्यायची आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःचा फोटो काढायचा. ती म्हातारी चादरीसाठी हसते. स्वतःची मूर्ती करायची तर आपलं सोनं वापरावं, दुसऱ्याची गरिबी नव्हे. हे मी आमच्या मंडळाच्या सहलीतही बोलले आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

त्या रात्री सूनबाईनं आणखी एक दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरचीचं स्टेटस. साडी होती, नेसलेली होती, पण फोटो गळ्याखालून. मागचे फोटोही तसेच. मुंडकं नसलेली बाई रोज नवी साडी नेसून उभी. "संक्रांतीपासून डोकं कापते ती," सूनबाई म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात चौऱ्यांशी लाख जीवयोनींची क्षमा मागताना मला एकच जीव दिसत होता. पारणं झालं त्याच दिवशी, दुपारी जिना चढून गेले. मोबाईलवरून क्षमेचा तयार संदेश तिलाही आधीच गेला होता, फुलांच्या चित्रासकट, पण ती काही क्षमा नव्हे. दार तिनंच उघडलं, हातात इस्त्री. मी हात जोडून म्हणाले, "संक्रांतीला मी बोलले ते चुकलं. खमतखामणा."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू, तोंड दिसलं की गिऱ्हाइकाला भरवसा येतो. नाहीतर त्यांना वाटतं, नेटवरनं उचललेला फोटो आहे. हे घरी पटतं, तुमच्यासमोर बोलायला जमलं नाही." आणि पुढे, अगदी सरळ आवाजात, "तुम्ही बोललात सगळ्यांसमोर. माफी जिन्यात मागताय."

मला उत्तर नव्हतं. तिनं पाणी आणून दिलं, 'उकळलेलं आहे' म्हणाली. मी प्यायले आणि खाली आले.

कोजागिरीला मंडळ गच्चीवर जमलं. माझा चोविहार, त्यामुळे दूध नाही, नुसती बसले होते. दूध वाटून झाल्यावर उठले आणि संक्रांतीचं वाक्य, जसं बोलले होते तसंच, पुन्हा म्हणून दाखवलं आणि म्हटलं की हे बोलायला नको होतं, मी हिची क्षमा मागते. आठ उपवासांना पाय लटपटले नव्हते ते तेव्हा लटपटले. कुणी हसलं नाही. एकजण म्हणाली, "जाऊ द्या ना काकू, झालं ते झालं," आणि लगेच गरबा सुरू झाला. ती काहीच बोलली नाही. पातेलं घासायला खाली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईनं स्वयंपाकघरातूनच हाक मारली. स्टेटसला मोरपंखी साडी होती, जरीच्या काठाची. मी चष्मा शोधून येईपर्यंत तिनं बोटांनी फोटो मोठा करून ठेवला होता.

"बघा मम्मी," ती म्हणाली, "हनुवटीपर्यंत आलीये."